तेहतीस फुटांची साखळी

कात्रज चौकातून कोंढव्याकडे वळा, आंबेगावाकडे वळा किंवा सरळ घाटाची वाट धरा; सोसायट्यांच्या पाट्यांवर, दुकानांच्या बिलांवर, लग्नपत्रिकांवर ‘स. नं.’ ही अक्षरं भेटतातच. सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक. तिथे राहणाऱ्या बहुतेकांच्या लेखी तो पत्त्याचा भाग आहे, पिनकोडासारखा. पण हा आकडा इमारतीचा नाही, रस्त्याचाही नाही. तो शेताचा आहे. या शिवारात साखळी ओढत आणि पहारीने माती उकरत इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदारांनी एकेका तुकड्याला जो क्रमांक दिला, तो पुढे कुणीही पुसला नाही. शेत गेलं, बांध गेला, नंबर राहिला.

त्या नंबराबरोबर आणखी एक गोष्ट लिहिली गेली होती: ती जमीन कोणत्या प्रतीची, किती खोल, उताराची की सपाट, ओढ्याचं पाणी तिच्यावरून जातं की नाही. नंबर आपण जपला आणि हे सगळं विसरलो, याची मला फार खंत वाटते. म्हणून ही प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रतवारी, कशी जन्माला आली, ते सांगायला हवं.

इंग्रजांनी मोजणी आणली आणि त्याआधी सगळा अंदाजाचा कारभार होता, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणीचं माप दिलेलं आहे: पाच हात पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेली ती जमाबंदी आणि पुढे पेशवाईतल्या पाहण्या यांत जमिनीची प्रत पाहिली जात होतीच. गावालाही आपली जमीन नावानिशी ठाऊक होती. काळी, तांबडी, मुरमाड, बरड, चोपण, चुनखडीची, मळईची. जिरायत, मोटस्थळ, पाटस्थळ, वरकस. मिरासदाराचं थळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी असे. अडचण एवढीच की एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळत नसे. हलक्या जमिनीचा बिघा मोठा, भारी जमिनीचा लहान, असंही चाले. गावापुरता तो हिशेब शहाणपणाचा होता, कारण प्रत मापातच मुरलेली होती. पण शंभर कोसांवरून वसुली बघणाऱ्या सरकारला त्यातून काही कळत नसे.

कात्रजपुरतं बोलायचं तर पेशव्यांनी या जमिनीकडे पाहिलं ते पाण्याच्या नजरेने. १७४९-५० च्या सुमाराला नानासाहेबांनी इथे आंबील ओढ्यावर धरण बांधून तलाव केला आणि बंदिस्त नळातून ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेलं. कुठेही उपसा नाही, नुसत्या उतारावर. वाटेत ठिकठिकाणी हवा सुटायला उच्छ्वास, गाळ बसायला हौद. कोणत्या डोंगराचं पाणी कुठे उतरतं, कुठल्या रानात ते थांबतं आणि कुठल्या खडकावरून नुसतं पळतं, याची पारख असल्याशिवाय हे काम उभं राहत नाही. कागदावर वर्ग पाडलेले नव्हते, पण तीही जमिनीची वर्गवारीच होती.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. कंपनी सरकारपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो शेतसाऱ्याचा. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने सुरुवातीला जुनी घडी फारशी मोडली नाही. पण जुन्या दप्तरांवरून मागणी ठरवायची तर दप्तरं अपुरी, आणि प्रत्येक गावाचं माप निराळं. तेव्हा संपूर्ण मुलखाची नव्याने पाहणी करायचं ठरलं आणि ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण सनदी अधिकाऱ्याकडे आलं.

प्रिंगल हा इंग्लंडातल्या हेलिबरी कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त तेव्हा ताजा होता. जमिनीचं उत्पन्न घ्यावं, त्यातून मजुरी, बी-बियाणं, बैल, अवजारं यांचा खर्च वजा करावा. उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातला ठरावीक हिस्सा सरकारचा. प्रिंगलने हा हिस्सा ५५ टक्के धरला. कागदावर यात खोट काढता येत नाही. प्रतीप्रतीची जमीन घ्यायची, तिच्यावर काय पिकतं ते मोजायचं, खर्च मोजायचा, वजाबाकी करायची. १८२७ च्या सुमाराला पुणे जिल्ह्यात ही मोजणी सुरू झाली आणि १८३० पासून तिचे दर लागू होऊ लागले.

ते दर टिकले नाहीत. निव्वळ उत्पन्न काढायचं म्हणजे हजारो शेतांत किती बैल, किती माणसं, किती पायल्या ज्वारी याचा हिशेब हवा. आणि तो हिशेब आणणार कोण, तर हाताखालचे कारकून. ज्याने हात ओला केला त्याची काळी जमीन बरड झाली, ज्याने केला नाही त्याचं बरड रान काळं. त्यातच धान्याचे भाव कोसळले आणि पावसाने दगा दिला. सारा मात्र तोच. वसुलीसाठी शेतकऱ्यांचा किती छळ झाला, हे पुढे सरकारी अहवालांनीही कबूल केलं. इंदापूर, भीमथडीकडची माणसं जमिनी टाकून गेली. कुणी शेजारच्या निजामाच्या मुलखात जाऊन राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली रानं गवताखाली गेली.

१८३५ मध्ये इंदापूर तालुक्याचा हा विस्कटलेला कारभार नीट लावायला दोन माणसं आली. एक हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड, सनदी नोकरीतला सहायक कलेक्टर. दुसरा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, बॉम्बे इंजिनियर्सचा लष्करी अभियंता. दोघंही तिशीच्या आतले. त्यांनी प्रिंगलची कागदपत्रं घेऊन शेतं तपासली तेव्हा मोजणी बरीचशी वापरता येण्याजोगी निघाली, प्रतबंदी मात्र पार बिघडलेली. म्हणजे फीत चुकली नव्हती, पारख चुकली होती. हा शोध फार महत्त्वाचा ठरला. जमीन किती आहे हे कळणं वेगळं आणि कशी आहे हे कळणं वेगळं, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड, हे त्यांना इंदापूरच्या रानात उमगलं.

मग त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. एका शेतात किती पिकतं हे विचारायचंच नाही. हे शेत त्या शेताच्या मानाने किती उतरतं एवढंच ठरवायचं. सगळी पद्धत या एका निर्णयावर उभी आहे. १८४० मध्ये दोघांनी संयुक्त अहवाल दिला. पुढे कॅप्टन डेव्हिडसनला सोबत घेऊन १८४७ मध्ये नियमांचा जो ‘जॉइंट रिपोर्ट’ झाला, तो मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया ठरला. पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यासह बाकीच्या भागांत ही पद्धत पुढच्या दीड-दोन दशकांत पोचली. १८६० च्या दशकात ती वऱ्हाडात गेली, आणि नंतर निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यातही तिच्याच धर्तीवर मोजणी झाली. आज महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तलाठ्याच्या दप्तरात जो ‘आकार’, म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा, दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

माप आधी पक्कं झालं. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ भाग, प्रत्येक भागाला नाव ‘आणा’. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. इंग्रजी एकर आणि रुपया-आण्याचा देशी हिशेब असे एका साखळीत गुंफले गेले, त्यामुळे गावच्या माणसाला नवं माप समजायला जड गेलं नाही. बिघा हळूहळू बोलण्यातून गेला आणि गुंठा आला. मग प्रश्न आला की एक नंबर केवढा असावा. उत्तर बैलांवरून काढलं. बैलांची एक जोडी जेवढं रान कसू शकेल, त्याहून नंबर लहान नको. हलक्या जिरायतीला २० एकर, मध्यमीला १५, भारी काळीला १२, भाताला ४. नंबर पाडले, कोपऱ्यांवर दगड रोवले, मधे न नांगरलेली पट्टी सोडली. पाटलाला सांगितलं की या खुणा सांभाळ.

गावचा नकाशा २० साखळ्यांना एक इंच या मापाने काढला. २० साखळ्या म्हणजे ६६० फूट; आठ इंचांत एक मैल. त्यात शेतांच्या हद्दी, गावठाण, वाटा, ओढे, विहिरी. असा नकाशा कुणी नीट बघितला आहे का? कडेला शेजारच्या गावांची नावं, मधे वाकडेतिकडे तुकडे, आणि त्यांना कापत जाणारी ओढ्याची दुहेरी रेघ. शेतांची वेडीवाकडी वळणं उगाच नसतात. बांध सहसा उताराला धरून घातलेला असतो, म्हणून हद्दींच्या रेषांवरून जमिनीचा चढउतार ओळखता येतो.

यानंतर प्रतबंदी. हे काम करणाऱ्या कारकुनाच्या हातात नंबराचं कच्चं रेखाटन असे. त्यावर आडव्या-उभ्या रेषा मारून तो शेताचे साधारण सारखे भाग पाडी. मग एकेका भागात जाऊन पहारीने माती उकरायची. खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोली किती, ती हातांत मोजायची. पावणेदोन हात ही सगळ्यात वरची खोली. त्याहून जास्त असली तरी हिशेब तोच. खाली दीड, सव्वा, एक, पाऊण, अर्धा आणि पाव. मग मातीची जात. पहिली: बारीक पोताची, एकसारखी, काळीभोर ते गडद तपकिरी. दुसरी: एकसारखीच पण जरा भरड, रंगाने फिकी, बहुधा तांबडी. तिसरी: खडेमिश्रित, भुसभुशीत, फिक्या तपकिरीपासून राखाडीपर्यंत. जात आणि खोली यांची सांगड घातली की वर्ग निघे. एकूण नऊ वर्ग. पहिल्याची किंमत १६ आणे, मग १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३, आणि नवव्याची २ आणे. काळी माती पावणेदोन हात असेल तर सोळा आणे. तांबडी कितीही खोल असली तरी चौदाच्या वर जात नाही. बरड माती पूर्ण हातभर असली तरी तिची सुरुवातच सहा आण्यांपासून.

पण काळी आणि खोल म्हणून जमीन चांगलीच असते असं नाही, हे गावातलं पोरही सांगेल. म्हणून दोषांच्या खुणा होत्या. सात दोष धरले होते: मातीत चुनखडीचे खडे; वाळू मिसळलेली; उतार; कणांना चिकटपणा नसणं; पाणी जिरू न देणारी घट्ट जमीन; पावसाळ्यात वाहत्या पाण्याने धुपण्याची भीती; आणि झऱ्यांमुळे सदा ओल. प्रत्येक दोषाला एक चिन्ह. एक चिन्ह पडलं की जमीन एक वर्ग खाली.

कात्रजसारख्या डोंगरपायथ्याच्या गावात हे कसं उतरलं असेल याची कल्पना करणं सोपं आहे. समजा, घाटाच्या अंगाला तांबडी माती, एक हात खोल. वर्ग पाचवा, आठ आणे. पण रान उताराचं. एक दोष, वर्ग सहावा, सहा आणे. वरून डोंगराचं पाणी पावसाळ्यात या रानातून उतरतं. दुसरा दोष, वर्ग सातवा, साडेचार आणे. मातीचा रंग बघून शहरातला माणूस जिला मध्यम म्हणेल, ती नोंदीत पार खाली जाते, आणि का जाते ते दोन खुणांत लिहिलेलं असतं. शेताच्या सगळ्या भागांचे आणे काढून सरासरी घेतली की त्या नंबराचे ‘भाग आणे’ तयार. जिथे नुसता खडक, नाला किंवा वाट, तेवढं क्षेत्र पोटखराबा म्हणून वजा. वरचा अधिकारी काही शेतं स्वतः पुन्हा मोजून, पुन्हा उकरून तपासत असे. प्रिंगलच्या वेळी जी गोष्ट ढिली राहिली होती, ती इथे आवळली गेली.

सगळ्यात शेवटी दर. त्यासाठी गावांचे गट केले. पाऊस, बाजाराचं अंतर, रस्ता, मागच्या वर्षांची वसुली पाहून गटाचा सर्वोच्च दर ठरवला आणि प्रत्येक नंबरावर त्याच्या आण्यांप्रमाणे आकार बसवला. तो आकार तीस वर्षं बदलायचा नाही, असं वचन दिलं. इंदापुरात पडीक रानं पुन्हा लागवडीला आली.

माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या या मुलखाच्या कारभारात इतकं प्रामाणिक काम थोडंच झालं असेल. हेतू साऱ्याचाच होता, त्यात शंका नाही. कुणी शेतकऱ्याच्या प्रेमाने साखळी ओढलेली नाही. पण जमिनीबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी जमिनीवर जाऊन खणायला हवं, आणि दोन माणसांनी वेगवेगळं खणलं तरी उत्तर एकच यायला हवं, हा दंडक या लोकांनी घालून दिला. प्रमाणीकरण म्हणतात ते हेच. कारकुनाच्या मर्जीवर असलेली गोष्ट त्यांनी कारकुनाच्या हातून काढून मातीच्या हाती दिली.

तीस वर्षं मात्र संपली. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्याच चढत्या भावांच्या काळात इंदापूरपासून फेरपाहणी सुरू झाली. १८७० नंतर ती हवेलीतही आली. दर भरमसाट वाढले. तोवर युद्ध संपून भाव उतरले होते आणि सावकाराची वही फुगली होती. पक्की हद्द, पक्कं नाव आणि विकता येण्याजोगा हक्क मिळाल्यामुळे जमीन तारण ठेवणं सोपं झालं होतं. सावकाराच्या हाती कुळं कशी चालली आहेत, याचा इशारा विंगेटनेच १८५२ मध्ये देऊन ठेवला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या वाढीव आकाराविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारला मर्यादा घालावी लागली: वाढ तालुक्यात किंवा गटात ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के आणि एका खातेदाराला शंभर टक्के यापुढे जाऊ नये. तरी १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दख्खनचे दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले.

या काळाकडे कात्रजहून पाहताना एक माणूस सतत डोळ्यांपुढे येतो, तो म्हणजे जोतीराव फुले. कात्रज घाटाच्या बोगद्याच्या कामात त्यांनी कंत्राटदार म्हणून भाग घेतल्याचं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. हा डोंगर फोडणारी माणसं, त्यांची मजुरी, त्यांच्या मागे गावात उरलेली शेती त्यांनी जवळून पाहिली होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांच्या पैमाशीवर त्यांनी जो राग काढला आहे, तो ऐकीव नाही. मोजणी म्हणजे सारा वाढवण्याचं निमित्त, हा त्यांचा आरोप. मला वाटतं, तो त्या घटकेला पूर्ण खरा होता. मातीला नीट प्रश्न विचारण्याची पद्धत तयार झाली होती, पण तिचं उत्तर फक्त खजिन्याला ऐकू जात होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातच एका माणसाने तेच नकाशे वेगळ्या कामासाठी उघडले. हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि शेत न्‌ शेत पाहिलं: माती, पाणी, पिकं, कर्ज, वाटण्या. १९१७ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. १७७१ मध्ये त्या गावातली सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमाराला ती ७ एकरांवर आली होती, आणि तीही एका जागी नाही, फुटकळ तुकड्यांत. बैलजोडीवरून पाडलेले नंबर भावाभावांच्या वाटण्यांत चिरफाळले होते. पुढे ना. वि. कानिटकरांसह मान यांनी जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास केला. गावाच्या जमिनीचा विचार साऱ्याच्या पलीकडे जाऊन करायचा, तो तिथे काय पिकावं आणि माणसं कशी जगावीत यासाठी, याची आपल्याकडची सुरुवात मी मान यांच्यापासून धरतो. जमिनीच्या या चिरफाळण्याला आळा घालायला तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ साली झाला. त्यानुसार अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले.

साऱ्याच्या पलीकडे जाऊन जमिनीचा विचार जगातही चालला होता. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये डडली स्टॅम्प यांनी शाळेतल्या मुलांच्या मदतीने देशभर कोणत्या जमिनीवर काय आहे, याचे नकाशे काढले. अमेरिकेत मातीच्या वादळांनी शेतं उडाली, त्यातून मृदसंधारणाची चळवळ आली आणि जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग ठरले. पहिले चार नांगराखाली आणण्याजोगे, पुढचे चार कुरण, जंगल किंवा नुसतं राखून ठेवण्याजोगे. वर्ग कशाने उतरतो? धूप, पाण्याचा निचरा नसणं, मातीतले दोष, हवामान. हे वाचताना दख्खनच्या सात दोषांची आठवण होते. उतार आणि धूप, झऱ्याची ओल, चुनखडी, वाळू, घट्टपणा. माती पाहणारी नजर तीच. पण जॉइंट रिपोर्टमध्ये दोष सापडला की सारा कमी होतो, एवढंच होतं. आठ वर्गांच्या पद्धतीत दोष सापडला की त्या जमिनीवर काय करायचं नाही, ते ठरतं. नवव्या वर्गाची जमीनही सरकारने दोन आण्यांना लावूनच दिली. आठव्या वर्गाच्या जमिनीला हात लावू नका, असं नवी पद्धत सांगते.

आपल्याकडे हे काम करायला १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था उभी राहिली. तिचं मुख्यालय नागपुरात आहे. तिचे नकाशे चांगले आहेत. दुर्दैव असं की ते शेतीच्या खात्यात राहतात, आणि गाव शहरात जातं तेव्हा जमिनीचा निवाडा दुसऱ्याच खात्यात होतो.

कात्रजला तेच झालं. १९६६ साली महाराष्ट्रात दोन कायदे झाले, जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियम. पहिल्यात जमीन शेतीची की बिगरशेती, दुसऱ्यात नकाशावर कोणता रंग, एवढे दोनच प्रश्न उरले. पिवळा म्हणजे राहण्याचा, हिरवा म्हणजे शेतीचा. काळी माती किती हात खोल, हा रकाना दोन्हीकडे नाही. पुणे-सातारा रस्त्याने वस्ती सरकत आली आणि शेतं गुंठ्यांत विकली जाऊ लागली. बैलजोडीच्या हिशेबाने पाडलेल्या नंबरात एक गुंठा, अर्धा गुंठा, साखळीभर रुंदीची घरं. या वसाहती नियमित करायला २००१ मध्ये जो कायदा झाला, त्याचं नावच गुंठेवारी विकासाचं. गोल्डस्मिड-विंगेटची साखळी अशी नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर आली.

१९९७ मध्ये कात्रज महापालिकेत आलं. त्या वेळी समाविष्ट झालेल्या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांची सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाली. पुणेकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि ते योग्यच होतं. टेकडीच्या माथ्यावर आणि एकास पाचपेक्षा चढ्या उतारावर बांधकाम नको, हा नियमही आहे. पण पायथ्याचं काय? ज्या रानांवर उताराची आणि धुपेची, अशा दोन खुणा पडाव्यात, तीच ही रानं. एकास सहाच्या उताराला नियम लागत नाही, पाणी मात्र तिथूनच उतरतं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात धुवाधार पाऊस झाला. आंबील ओढा तलावाच्या खाली पात्र सोडून पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगराच्या बाजूने, दांडेकर पुलापर्यंत घरांतून शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून ओढ्याची मूळ रुंदी किती होती, यावर वाद सुरू झाला. ओढ्याचं क्षेत्र कुठल्या नंबराला पोटखराब्यात किती गुंठे वजा केलं होतं, हे जुन्या दप्तरात असतं. सातबाऱ्यावर आजही पोटखराब वर्ग ‘अ’ आणि वर्ग ‘ब’ असे रकाने आहेत. ‘ब’मध्ये नाले, वाटा, सार्वजनिक कामाची जागा येते. म्हणजे पाण्याची जागा कागदावर होती. बांधकामाची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर तो कागद यायला हवा.

३० जून २०२१ रोजी आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यांत कात्रजच्या अंगची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभुळवाडी आणि कोळेवाडी आहेत. बरीचशी डोंगराच्या कुशीतली, ओढ्यांच्या उगमाजवळची. इथे अजून ज्वारी दिसते, खाचरं दिसतात, आणि त्यांच्या मधोमध नव्या इमारतींचे पाये. या गावांच्या जमिनीवर कोणता रंग चढणार, ते आपल्या डोळ्यांदेखत ठरतं आहे. भूमी अभिलेख कार्यालयात जुनी टिपणं आहेत, शेतवार पत्रकं आहेत, प्रतबंदीच्या वह्या आहेत. कागद जीर्ण झाले असतील, पण हातांतली खोली आणि दोषांच्या खुणा वाचता येतील. त्यांवरून गावाचा एक नकाशा करायला नगररचनेच्या विद्यार्थ्यांची एखादी तुकडी पुरेल: कुठे दीड हात माती आहे आणि ती शेतीलाच ठेवायला हवी, कुठे दोन खुणा पडल्या आहेत आणि तिथे पाया खणायचा नाही, कुठे झऱ्याची ओल आहे आणि तिथे विहीर किंवा तळं राहू द्यायचं. त्या नकाशावर नागपूरच्या संस्थेचा मातीचा नकाशा ठेवावा, वर उपग्रहाने मोजलेला उतार ठेवावा, आणि मग रंगाची पेटी उघडावी. भिलारेवाडीपासून सुरुवात करावी. कात्रजच्या तलावात येणारं पाणी त्याच बाजूने उतरतं.